अपडेटनंतर काहीच शेल स्क्रिप्ट बंद पडतात, गिट मात्र कोणताही फरक दाखवत नाही

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आमच्या छोट्या प्रकाशनसंस्थेत रोज रात्री विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून काही बॅश स्क्रिप्ट, म्हणजे बॅश या कमांड वाचणाऱ्या प्रोग्रॅमसाठी लिहिलेल्या आज्ञांच्या फायली, चालतात. दिवसभरात आलेल्या पुस्तकांच्या मागण्या गोळा करायच्या, त्या जिल्हावार फोल्डरांत विभागायच्या आणि शेवटी सगळ्याचा बॅकअप एका लिनक्स सर्व्हरवर पाठवायचा, एवढेच त्यांचे काम आहे. सर्व स्क्रिप्ट आणि जिल्ह्यांच्या नावांची एक साधी मजकूर फाइल गिटच्या, म्हणजे फायलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीच्या, एकाच रिपॉझिटरीत (संग्रहात) ठेवलेली आहे. स्क्रिप्टमध्ये कोठेही सी-ड्राइव्हचा पूर्ण मार्ग लिहिलेला नाही. सर्व मार्ग स्क्रिप्टच्या स्वतःच्या फोल्डरपासून मोजलेले आहेत.

मध्यंतरी या संगणकावरील जुनी सॉफ्टवेअरे काढून त्यांच्या नव्या आवृत्त्या बसवण्यात आल्या. त्यात गिट फॉर विंडोज होते, आणि त्याच वेळी डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्ये चालणारी लिनक्सची उपप्रणालीही सुरू करण्यात आली. त्यानंतर काही दिवस सर्व काम सुरळीत चालले. मग एका सहकाऱ्याने केलेले बदल आम्ही पुल केले, म्हणजे आपल्या संगणकावर ओढून घेतले, आणि त्या रात्रीपासून काही स्क्रिप्ट बंद पडू लागल्या. लॉगमध्ये «लाइन ३: $'\आर': कमांड नॉट फाउंड» आणि त्याखाली «सिंटॅक्स एरर निअर अनएक्स्पेक्टेड टोकन $'डू\आर'» असे संदेश दिसतात. त्याच रिपॉझिटरीतल्या इतर स्क्रिप्ट मात्र आजही बिनतक्रार चालतात.

ओळीच्या शेवटाशी याचा संबंध असावा एवढे मला कळते, पण तीन गोष्टींचा उलगडा होत नाही. पहिली म्हणजे, बिघाड अपडेटमुळे झाला असेल तर तो लगेच का दिसला नाही, आणि सर्व स्क्रिप्टना का झाला नाही? दुसरी म्हणजे, «गिट स्टेटस» आणि «गिट डिफ» दोन्ही काहीही बदललेले नाही असे सांगतात. तिसरी गोष्ट सर्वांत चमत्कारिक वाटते: बंद पडणारी स्क्रिप्ट मी गिट बॅशची खिडकी उघडून हाताने चालवली तर ती शेवटपर्यंत नीट चालते. शिवाय विंडोज एक्स्प्लोररमध्ये आता सातारा नावाची दोन फोल्डरे दिसतात. एकाच्या नावाच्या शेवटी ठिपक्यासारखे एक अनोळखी चिन्ह आहे.

तात्पुरती मलमपट्टी मला करता येईल, परंतु नेमके काय घडले हे समजून घेऊन कायमचा उपाय करायचा आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

काळा_पडदा

नमस्कार. आपण लक्षणे इतकी नेटकी नोंदवली आहेत की निम्मे निदान त्यातच झालेले आहे. कमांड मी खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत द्याव्यात.

आधी मूळ कारण. विंडोजमध्ये मजकुराची ओळ दोन अक्षरचिन्हांनी संपते: कॅरेज रिटर्न (सीआर), ज्याचा आस्की क्रमांक १३, आणि त्यापुढे लाइन फीड (एलएफ), ज्याचा क्रमांक १०; या जोडीला सीआरएलएफ म्हणतात. लिनक्समध्ये ओळ केवळ लाइन फीडने संपते. टेलिप्रिंटरच्या काळात ही दोन वेगळी कामे होती, एकाने छापणारा भाग डाव्या कडेला परत येई आणि दुसऱ्याने कागद एक ओळ वर सरके. ती जोडी सीपी/एम आणि एमएस-डॉसमार्गे विंडोजमध्ये आली, तर युनिक्सने एकाच चिन्हावर भागवले. लिनक्सच्या बॅशच्या दृष्टीने कॅरेज रिटर्न हे ओळीच्या शेवटाचे चिन्ह नाही आणि रिकामी जागाही नाही. ते इतर कोणत्याही अक्षरासारखे एक अक्षर आहे, आणि ते आधीच्या शब्दाला चिकटते.

एवढे लक्षात घेतले की तुमच्या लॉगमधील प्रत्येक संदेश सरळ वाचता येतो. तुमच्या स्क्रिप्टची तिसरी ओळ बहुधा रिकामी असेल. आपल्याला ती रिकामी दिसते, बॅशला मात्र तेथे एका अक्षराचा शब्द दिसतो आणि त्या नावाची कमांड तो शोधू लागतो. पुढे «डू» या राखीव शब्दाला तेच अक्षर चिकटल्याने तो राखीव शब्द उरत नाही, आणि व्याकरण तेथेच मोडते. «फाय» हा शब्द असाच बिघडला तर फाइल संपेपर्यंत अट बंदच होत नाही आणि «अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाइल» असा संदेश येतो. «एग्झिट ०» लिहिले असेल तर अंकी मूल्य हवे अशी तक्रार येते. ओळ पुढे चालू ठेवण्यासाठी शेवटी बॅकस्लॅश दिला असेल तर तो ओळीच्या शेवटाला लागू न होता कॅरेज रिटर्नलाच लागू होतो आणि लांबलचक कमांड मध्येच तुटते. स्क्रिप्ट थेट नावाने चालवली तर पहिल्याच ओळीतला इंटरप्रिटरचा मार्ग बिघडतो, कारण लिनक्सचे कर्नल त्या चिन्हासकटच्या नावाचा प्रोग्रॅम शोधते. मग फाइल डोळ्यांसमोर असूनही «नो सच फाइल ऑर डिरेक्टरी» असे उत्तर मिळते. पुष्कळ जणांचा सर्वाधिक वेळ या शेवटच्या संदेशात जातो.

यांतले सर्वांत वाईट प्रकार मात्र संदेश न देणारे असतात. फोल्डर तयार करण्याच्या कमांडला नावाच्या शेवटी हे चिन्ह मिळाले तर ती मुकाट्याने त्या नावाचे फोल्डर करते. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल प्रणालीत असे नियंत्रणचिन्ह नावात चालत नाही, म्हणून डब्ल्यूएसएल त्याच्या जागी युनिकोडच्या खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या भागातले एक चिन्ह लिहिते. तुम्हाला साताऱ्याच्या नावापुढे जो ठिपका दिसतो तो हाच असावा. याचा अर्थ असा की बिघाड केवळ स्क्रिप्टमध्ये नाही, जिल्ह्यांच्या यादीच्या फाइलमध्येही आहे.

आता पुढचा तपास. रिपॉझिटरीच्या फोल्डरमध्ये «गिट एलएस-फाइल्स --ईओएल» ही कमांड द्यावी, गिट २.८ पासून, म्हणजे २०१६ पासून ती उपलब्ध आहे. ती प्रत्येक फाइलपुढे दोन नोंदी दाखवते: गिटच्या इंडेक्समध्ये, म्हणजे गिटने स्वतःकडे नोंदवलेल्या प्रतीत, ओळींचा शेवट कोणता आहे आणि प्रत्यक्ष डिस्कवरच्या फाइलमध्ये कोणता आहे. त्यानंतर «गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन --गेट-ऑल कोअर.ऑटोसीआरएलएफ» द्यावी, म्हणजे ओळींचा शेवट आपोआप बदलण्याची ही सेटिंग कोणत्या फाइलमधून येते तेही कळेल. शेवटी साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, गिट बॅशमध्ये नव्हे, «व्हेअर बॅश» असे विचारावे. ही तिन्ही उत्तरे येथे लिहावीत.

गोदाकाठ

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे तपासले.

बंद पडणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टपुढे आणि जिल्ह्यांच्या यादीपुढे «आय/एलएफ डब्ल्यू/सीआरएलएफ», म्हणजे इंडेक्समध्ये एलएफ आणि डिस्कवर सीआरएलएफ, असे आहे. चालणाऱ्या स्क्रिप्टपुढे «आय/एलएफ डब्ल्यू/एलएफ» असे आहे. ऑटोसीआरएलएफचे मूल्य «ट्रू» आहे आणि ते प्रोग्रॅम फाइल्समधील गिटच्या फोल्डरातल्या सेटिंगच्या फाइलमधून येते. पूर्वी ते काय होते हे सांगता येत नाही, कारण जुने गिट पूर्ण काढून टाकले होते. «व्हेअर बॅश»चे पहिले उत्तर विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधील बॅश असे आले. टास्क शेड्यूलरमध्ये आम्ही बॅशचा मार्ग न देता केवळ «बॅश» आणि पुढे स्क्रिप्टचे नाव एवढेच लिहिलेले आहे.

मांडवीतीर

या तीन उत्तरांत सर्व काही आले. येथे दोन स्वतंत्र बदल एकाच वेळी झाले आहेत, आणि ते वेगळे न केल्यास गोंधळ मिटणार नाही.

पहिला बदल गिटच्या सेटिंगचा. गिट फॉर विंडोजचा इन्स्टॉलर ओळींच्या शेवटाबद्दल एक प्रश्न विचारतो आणि त्याचा ठरलेला पर्याय असा असतो की कमिट करताना, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवताना, लाइन फीड ठेवावा, पण फाइल डिस्कवर काढताना विंडोजच्या पद्धतीने सीआरएलएफ करावे. जुन्या आवृत्तीवरच नवी बसवली तर इन्स्टॉलर पूर्वीची निवड पुढे चालवतो. जुने गिट पूर्ण काढून नवे बसवले आणि प्रत्येक पडद्यावर पुढे-पुढे करत गेले तर ठरलेला पर्याय लागू होण्याचीच शक्यता अधिक. तुमच्याकडे पूर्वी बहुधा «इनपुट» किंवा «फॉल्स» हे मूल्य असणार, ज्यात फाइल बाहेर काढताना काहीही बदलले जात नाही.

मग बिघाड उशिरा का दिसला? सेटिंग बदलल्याबरोबर गिट डिस्कवरच्या फायलींना हात लावत नाही. फाइल नव्याने लिहिण्याची वेळ येते तेव्हाच ते रूपांतर करते, आणि ती वेळ पुल करताना किंवा शाखा बदलताना येते. त्यातही प्रत्यक्ष बदल झालेल्या फायलीच नव्याने लिहिल्या जातात. तुमच्या सहकाऱ्याने ज्या स्क्रिप्टमध्ये दुरुस्त्या केल्या होत्या आणि ज्या यादीत नाव घातले होते तेवढ्याच फायली सीआरएलएफ झाल्या, बाकीच्या अपडेटपूर्वीच्याच स्थितीत राहिल्या. त्या सहकाऱ्याचा यात काडीचाही दोष नाही; त्याच्या कमिटमध्ये लाइन फीडच आहे, हे इंडेक्सच्या नोंदीवरून स्पष्ट दिसते. «गिट डिफ» काही दाखवत नाही तेही याचमुळे, कारण तुलना करण्यापूर्वी गिट डिस्कवरची फाइल पुन्हा लाइन फीडमध्ये रूपांतरित करून पाहते आणि मग दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात.

दुसरा बदल बॅशचा. तुमच्या टास्कमध्ये बॅशचा पूर्ण मार्ग नाही, त्यामुळे पाथमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, जो आधी सापडेल तो चालतो. डब्ल्यूएसएल सुरू केल्यावर सिस्टम३२ मध्ये बॅश नावाचा एक प्रोग्रॅम येतो आणि पाथमध्ये ते फोल्डर गिटच्या बरेच आधी असते. म्हणजे त्या दिवसापासून तुमच्या स्क्रिप्ट गिटच्या बॅशऐवजी लिनक्सच्या बॅशमध्ये चालू लागल्या. तुम्ही सापेक्ष मार्ग वापरल्यामुळे हा बदल कोणाच्या ध्यानात आला नाही. सी-ड्राइव्हचे मार्ग लिहिलेले असते तर पहिल्याच रात्री सर्व काही थांबले असते, आणि खरे तर ते अधिक बरे झाले असते. हाताने चालवताना तुम्ही गिट बॅशची खिडकी उघडता. तो बॅश एमएसवायएस-२ या प्रकल्पातून येतो आणि स्क्रिप्ट वाचताना ओळीच्या शेवटचा कॅरेज रिटर्न सहन करावा यासाठी त्यात मुद्दाम फेरबदल केलेला आहे. लिनक्सच्या बॅशमध्ये तशी सवलत नाही. एकच फाइल एका खिडकीत चालते आणि दुसरीकडे पडते, त्याचे कारण हे आहे.

आता उपाय. बंद पडलेल्या फायलींवर «डॉसटूयुनिक्स» चालवले, किंवा सेडने प्रत्येक ओळीच्या शेवटचा कॅरेज रिटर्न काढला, तर आजची रात्र निभावेल. परंतु ऑटोसीआरएलएफ «ट्रू» असेपर्यंत त्या फाइलमध्ये पुढचा बदल पुल होताच ती पुन्हा सीआरएलएफ होऊन बसेल. केवळ ती सेटिंग बदलणे हाही माझ्या मते अर्धाच उपाय आहे. ती त्या एका संगणकाची सेटिंग आहे. उद्या दुसऱ्या संगणकावर कोणी क्लोन केले किंवा गिट पुन्हा बसवले की तोच प्रश्न उभा राहील. नियम रिपॉझिटरीतच असला पाहिजे.

त्यासाठी रिपॉझिटरीच्या मुळाशी «.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स» नावाची फाइल करावी. पहिल्या ओळीत «* टेक्स्ट=ऑटो», दुसऱ्या ओळीत «*.एसएच टेक्स्ट ईओएल=एलएफ» आणि तिसऱ्या ओळीत «*.टीएक्सटी टेक्स्ट ईओएल=एलएफ» असे लिहावे, म्हणजे तुमची जिल्ह्यांची यादीही त्यात येईल. पीडीएफ आणि मुखपृष्ठांची चित्रे त्याच रिपॉझिटरीत असतील तर त्यांच्यासाठी «बायनरी» असा शब्द स्पष्ट लिहून ठेवावा. गिट सहसा ते ओळखते, पण पुस्तकाच्या छपाईच्या फाइलबाबत अंदाजावर विसंबू नये. ही फाइल कमिट केली की कोणत्याही संगणकावर ऑटोसीआरएलएफ काहीही असले तरी हाच नियम वरचढ ठरतो.

येथे एक अडचण येते आणि ती नीट समजून घ्यावी. नियम लिहिल्यावर पुष्कळ ठिकाणी «गिट अ‍ॅड --रीनॉर्मलाइझ .» चालवायला सांगतात, २०१८ च्या जानेवारीत आलेल्या गिट २.१६ पासून ती सोय आहे. ती कमांड इंडेक्स दुरुस्त करते, डिस्कवरची फाइल नाही. तुमच्या इंडेक्समध्ये आधीपासून लाइन फीडच आहे, त्यामुळे तिचा तुम्हाला काही उपयोग होणार नाही, आणि स्क्रिप्ट पूर्वीसारख्याच पडत राहतील. नुसते चेकआउट करूनही भागत नाही, कारण फाइल बदललेली नाही असे समजून गिट ती पुन्हा लिहीत नाही. आपले न नोंदवलेले काम काही नाही याची खात्री करून डिस्कवरच्या बाधित फायली सरळ हटवाव्यात आणि «गिट चेकआउट -- .» देऊन त्या नव्याने काढाव्यात. मग «गिट एलएस-फाइल्स --ईओएल» पुन्हा पाहावे. सर्वत्र «डब्ल्यू/एलएफ» दिसले पाहिजे आणि शेवटच्या रकान्यात तुमचा नियमही दिसला पाहिजे.

टास्क शेड्यूलरमध्ये मात्र प्रोग्रॅमचा पूर्ण मार्ग द्यावा. स्क्रिप्ट गिटच्या बॅशसाठी लिहिल्या असतील तर प्रोग्रॅम फाइल्समधील गिटच्या बिन फोल्डरातला बॅश द्यावा. डब्ल्यूएसएलमध्येच चालवायच्या ठरल्या तर तसे उघडपणे लिहावे आणि टास्क ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो त्याच वापरकर्त्याकडे लिनक्स बसवलेले आहे हे पाहावे, कारण डब्ल्यूएसएलमधली लिनक्सची प्रत वापरकर्तानिहाय असते. गिट बॅश निवडला म्हणून सीआरएलएफ राहू देऊ नये. शेवटी बॅकअप लिनक्स सर्व्हरवर जातो, आणि स्क्रिप्टमधून एसएसएचने दूरच्या संगणकाला काही ओळींचा मजकूर पाठवला जात असेल तर त्या ओळी पलीकडे लिनक्सचाच बॅश वाचणार आहे.

जुनी_आज्ञावली

मांडवीतीर यांच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात दोन गोष्टींची भर घालावीशी वाटते, कारण स्क्रिप्ट सुधारल्यावरही कॅरेज रिटर्न दुसऱ्या वाटेने आत येतो आणि मग माणूस उगाच गिटवर संशय घेत बसतो.

ती वाट म्हणजे माहिती. एक्सेलमधून सीएसव्ही म्हणून साठवलेल्या फाइलच्या प्रत्येक ओळीशेवटी सीआरएलएफ असते. «रीड»ने ओळ फोडली की तो कॅरेज रिटर्न शेवटच्या स्तंभाच्या मूल्याला चिकटतो. मधले स्तंभ शुद्ध राहतात. शेवटच्या स्तंभात «होय» किंवा «नाही» असेल आणि तुम्ही «होय»शी तुलना करत असाल तर तुलना कायम खोटी ठरते, पडद्यावर मात्र दोन्ही बाजूंना «होय»च दिसते. एक्सेलचा यूटीएफ-८ सीएसव्ही हा पर्याय निवडला तर फाइलच्या आरंभी बीओएम नावाचे तीन बाइटही येतात आणि पहिल्या ओळीतले पहिले शीर्षक जुळत नाही. डब्ल्यूएसएलमधून विंडोजचा एखादा प्रोग्रॅम चालवून त्याचे उत्तर चलात घेतले तरी हेच होते: डॉलर-कंसाची रचना शेवटचे लाइन फीड काढते, पण कॅरेज रिटर्न ठेवते. अशा प्रत्येक ठिकाणी माहिती आत घेतानाच «टीआर -डी» वापरून कॅरेज रिटर्न गाळावा. पुढे दहा ठिकाणी गाळण्या लावण्यात अर्थ नाही.

संशय आला की मूल्य नुसते छापून पाहू नये. कॅरेज रिटर्न टर्मिनलचा कर्सर ओळीच्या आरंभी नेतो आणि त्यापुढे छापलेले आधीच्या मजकुरावर चढते. समजा स्क्रिप्ट «जिल्हा: सातारा पूर्ण» अशी नोंद छापते आणि «सातारा»च्या शेवटी ते चिन्ह आहे, पडद्यावर « पूर्ण: सातारा» असे काहीतरी विचित्र दिसेल, कारण «पूर्ण» हा शब्द ओळीच्या सुरुवातीला «जिल्हा»वर जाऊन बसतो. असे चढलेले शब्द दिसले की निदान झालेच म्हणून समजा. खात्रीसाठी «कॅट -ए» वापरावे, ते कॅरेज रिटर्न टोपीचिन्ह आणि एम अशा जोडीने दाखवते. पण त्यात देवनागरी अक्षरेही सांकेतिक रूपात फुटून दिसतात, म्हणून मराठी मजकुराच्या फाइलसाठी «फाइल» ही कमांड मला अधिक सोयीची वाटते. ती सरळ «विथ सीआरएलएफ लाइन टर्मिनेटर्स» असे सांगते.

दुसरी भर अपडेटबद्दल. सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यावर ओळीच्या शेवटामुळे काम अडण्याचा प्रकार आजचा नाही. विंडोजवर युनिक्सचे वातावरण देणाऱ्या सिग्विनमध्ये २००६ साली बॅशच्या ३.१ मालिकेतल्या एका अपडेटने कॅरेज रिटर्नकडे दुर्लक्ष करणे थांबवले, आणि तोपर्यंत चालत असलेल्या असंख्य लोकांच्या स्क्रिप्ट एकाएकी पडू लागल्या. मग «आयजीएनसीआर» नावाचा खास पर्याय सिग्विनच्या बॅशमध्ये आला. तो चालू केला की बॅश कॅरेज रिटर्न गाळून वाचतो. त्याची एक बारकी खुबी सांगण्यासारखी आहे. हा पर्याय चालू करणारी ओळ स्वतःच सीआरएलएफने संपत असेल तर पर्यायाच्या नावालाच ते चिन्ह चिकटेल आणि बॅश तो पर्याय ओळखणार नाही. म्हणून त्या ओळीच्या शेवटी अर्धविराम देऊन टिप्पणीचे हॅश चिन्ह घालतात, म्हणजे कॅरेज रिटर्न टिप्पणीत पडतो आणि निरुपद्रवी होतो.

पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये सिग्विनच्या सेड, ग्रेप आणि ऑक या साधनांनीही आपणहून कॅरेज रिटर्न काढणे सोडून दिले. ते पाऊल योग्यच होते, कारण साधनाने फाइलमधले बाइट न विचारता बदलू नयेत. पण त्या बदलानंतर ओळीचा शेवट दाखवणारे डॉलर चिन्ह असलेले नमुने विंडोजच्या फायलींवर जुळेनासे झाले, आणि कोणतीही चूक न दाखवता निकाल रिकामे येऊ लागले. तुमच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये असे नमुने असतील तर तेही या निमित्ताने एकदा डोळ्यांखालून घालावेत.

गोदाकाठ

सर्वांच्या सूचनांप्रमाणे काम पूर्ण केले. «.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स» कमिट केली, बाधित फायली हटवून पुन्हा काढल्या, आणि आता सर्वत्र «डब्ल्यू/एलएफ» दिसते. टास्कमध्ये गिटच्या बॅशचा पूर्ण मार्ग दिला आहे. दुसऱ्या साताऱ्यातल्या मागण्या मूळ फोल्डरमध्ये हलवून ते फोल्डर काढून टाकले. कालच्या रात्रीचा लॉग स्वच्छ आहे.

मागण्यांची सीएसव्ही जुनी_आज्ञावली यांनी म्हटल्याप्रमाणे खरोखरच सीआरएलएफ निघाली. तिचा शेवटचा स्तंभ शेऱ्यांचा असल्याने आजवर कोणाच्या लक्षात आले नव्हते. तिच्यासाठी स्क्रिप्टच्या आरंभीच गाळणी लावली.

दोन शंका उरल्या आहेत. याच रिपॉझिटरीत काही बॅच फायलीही आहेत. त्यांनाही लाइन फीडचाच नियम लावावा का? आणि डब्ल्यूएसएलच्या खिडकीतून «गिट स्टेटस» दिले तर आमच्या दुसऱ्या एका रिपॉझिटरीतल्या जवळजवळ सर्वच फायली बदललेल्या दिसतात, त्याचे काय करावे?

मांडवीतीर

बॅच फायलींना तो नियम मुळीच लावू नये. त्यांच्यासाठी «*.बॅट टेक्स्ट ईओएल=सीआरएलएफ» अशी वेगळी ओळ लिहावी, आणि सीएमडी असा प्रत्यय असलेल्या फायली असतील तर त्यांच्यासाठीही तशीच एक. विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट केवळ लाइन फीड असलेली बॅच फाइल वाचतो असे वरवर दिसते, पण «गोटू»ने एखाद्या लेबलकडे उडी मारताना ते लेबल त्याला कधी सापडते आणि कधी सापडत नाही. फाइलमध्ये चार शब्द वाढले की चालणारी उडी बंद पडते. असा बेभरवशाचा बिघाड शोधणे फार कठीण जाते.

दुसऱ्या रिपॉझिटरीत कोणतीही फाइल खऱ्या अर्थाने बदललेली नसावी. डब्ल्यूएसएलमधले गिट हे लिनक्सचे स्वतंत्र गिट आहे. प्रोग्रॅम फाइल्समधली सेटिंग ते वाचत नाही आणि त्याच्याकडे ऑटोसीआरएलएफ सहसा चालू नसते. विंडोजच्या गिटने सीआरएलएफ करून डिस्कवर ठेवलेल्या फायली ते जशाच्या तशा इंडेक्सशी ताडून पाहते आणि प्रत्येक ओळ वेगळी असल्याचे सांगते. त्या स्थितीत डब्ल्यूएसएलमधून कमिट अजिबात करू नये, नाहीतर ते कॅरेज रिटर्न इतिहासात जाऊन बसतील आणि तेव्हा मात्र «--रीनॉर्मलाइझ» लागेल. तेथेही हीच «.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स» ठेवून, फायली विंडोजच्या गिटने एकदा हटवून पुन्हा काढल्या की दोन्ही गिटांचे उत्तर सारखे येईल. संपादकासाठी म्हणाल तर व्हिज्युअल स्टुडिओ कोडच्या खालच्या पट्टीत उजवीकडे उघड्या फाइलचा प्रकार एलएफ की सीआरएलएफ ते लिहिलेले असते आणि त्यावर क्लिक करून तो बदलता येतो. विंडोजचे नोटपॅडही २०१८ च्या ऑक्टोबरमधील विंडोज १० च्या अपडेटपासून लाइन फीडच्या फायली नीट उघडते आणि साठवताना त्यांचा प्रकार बदलत नाही, त्यामुळे कार्यालयातल्या कोणाला जिल्ह्यांच्या यादीत एखादे नाव घालायचे असेल तर ते नोटपॅडमध्ये घालायला हरकत नाही.